बोलताना थबकणारे पाऊल : स्मृती मंदावलेल्या वृद्धांची चाल घरी कशी तपासावी आणि कशी सांभाळावी

खानदेशातल्या कोणत्याही गावात सकाळी गल्लीतून निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला ओट्यावरून कोणीतरी हटकतेच. ‘‘आबा, कथा चालनात?’’ म्हणजे ‘कुठे निघालात?’ आबा थांबतात, काठी टेकवतात, उत्तर देतात आणि मगच पुढचे पाऊल उचलतात. पाहणाऱ्याला ही जुन्या माणसांची आदब वाटते आणि पुष्कळदा ती आदबच असते. पण काही आबा आदबीने थांबत नाहीत. चालत राहून उत्तर देणे त्यांना जमत नाही, म्हणून ते थांबतात. हा फरक घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत बहुतेक वेळा एखादे पडणे होऊन गेलेले असते.

स्वीडनमधील उमेओ येथील लिलेमोर लुंडिन-ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटे निरीक्षण प्रसिद्ध केले. वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या 58 जणांसोबत चालत असताना त्यांच्याशी सहज गप्पा सुरू करायच्या आणि कोण थांबते ते पाहायचे, एवढीच ती चाचणी होती. 12 जण थांबले आणि पुढील सहा महिन्यांत त्यांतले 10 जण पडले. या चाचणीसाठी ना यंत्र लागले, ना रक्त काढावे लागले.

फिजिओथेरपीच्या निमित्ताने जळगाव-धुळे पट्ट्यातील अनेक घरांत माझे जाणे होते. ‘ध्यानमा ऱ्हात नही’ ही तक्रार तेथे जितक्या सहजपणे सांगितली जाते तितक्या सहजपणे चालीविषयी कोणी बोलत नाही, कारण विसरणे डोक्याचे आणि चालणे पायांचे अशी आपली वाटणी ठरून गेलेली आहे. हा लेख ती वाटणी चुकीची का आहे हे थोडक्यात सांगतो आणि मग घरच्या माणसांनी काय तपासावे, हिशेब कसा मांडावा, कोणाकडे जावे आणि रोजच्या दिवसात काय बदलावे हे टप्प्याटप्प्याने मांडतो.

चालताना कपाळामागे काय घडते

निरोगी माणसाची सपाट रस्त्यावरची चाल बरीचशी आपसूक असते. पाठीच्या कण्यातील चेतापेशींची जाळी, मेंदूखोड, मेंदूच्या तळाशी असलेली चेतापेशींची केंद्रे आणि लहान मेंदू हे मिळून पावलांचा ताल सांभाळतात, त्यामुळे माणसाचे मन इतरत्र भटकायला मोकळे राहते. वय वाढते तसा हा आपसूकपणा कमी होतो. अनेक वर्षांचा रक्तदाब आणि मधुमेह मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांना इजा करतात आणि मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या पांढऱ्या तंतूंचे नुकसान होते. त्यातच तळपायाची जाण बोथट होते आणि दृष्टी कमी होते. मग जे काम खालच्या थरात परस्पर होत होते त्यावर कपाळामागच्या मेंदूला, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला, स्वतः नजर ठेवावी लागते.

अडचण अशी की हाच भाग आठवून ठेवणे, निवड करणे, लक्ष दोन ठिकाणी वाटणे ही कामेही करतो. एकाच मोटारीवर केळीचे दोन प्लॉट भिजवायचे असले आणि विहिरीला पाणी बेताचे असले, की दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडल्यावर जे होते तेच येथे होते. दोन्हीकडची धार बारीक होते किंवा एक प्लॉट कोरडा राहतो. स्मृतिभ्रंशाच्या आधीच्या टप्प्यात, ज्याला डॉक्टर ‘एमसीआय’ म्हणतात आणि ज्यात विसरणे वाढलेले असले तरी माणूस आपले व्यवहार सांभाळत असतो, तेथे विहीर आधीच खाली गेलेली असते.

हे मोजतात कसे, हेही सांगायला हवे. एमआरआयच्या बोगद्यात माणसाला चालवता येत नाही. म्हणून संशोधक कपाळावर एक पट्टी बांधतात, तिच्यातून अवरक्ताजवळचा प्रकाश कवटीतून आत सोडतात आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून रक्तातील प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनचा चढउतार काढतात. ज्या भागाला जास्त काम पडते तेथे काही सेकंदांत जास्त रक्त येते, एवढ्या तत्त्वावर हे तंत्र चालते. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘एफनिर्स’ म्हणतात. त्याला मेंदूचा फक्त वरचा थर दिसतो, खोलवरची केंद्रे दिसत नाहीत आणि कपाळाच्या कातडीतील रक्ताचाही गोंधळ त्यात मिसळतो.

न्यूयॉर्कमधील संशोधक जो वर्गीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 166 वृद्धांविषयी जे मांडले ते मला सर्वांत बोलके वाटते. चालताना एक सोडून एक मुळाक्षर म्हणायचे, असे काम त्यांना दिले होते. या दुहेरी कामात ज्यांच्या कपाळामागचा मेंदू जास्त राबताना दिसला ते पुढील काळात पडण्याची शक्यता जास्त निघाली. विशेष म्हणजे त्याच वेळचा चालण्याचा वेग किंवा अक्षरे म्हणण्याची गती यांवरून मात्र कोण पडेल हे सांगता आले नाही. बाहेरून चाल ठीक दिसत होती आणि ती ठीक ठेवण्याची किंमत आत मोजली जात होती.

पण ‘जास्त काम म्हणजे वाईट’ असा सरसकट नियमही करता येत नाही. 2011 मधील एका तुलनेत चालता चालता बोलताना तरुणांच्या कपाळामागील हालचाल वृद्धांपेक्षा अधिक वाढली होती, म्हणजे तरुणांकडे हाताशी राखीव ताकद होती. स्मृती मंदावलेल्यांत दोन्ही चित्रे दिसतात. साध्या चालीलाच मेंदू जादा राबतो आणि काम अवघड झाले की त्याला आणखी चढता येत नाही, तो तेथेच अडतो. मग पाऊल तरी तुटते किंवा वाक्य तरी. म्हणून कोणी ‘मेंदूची चालतानाची तपासणी’ म्हणून अशा पट्टीचे पैसे मागितले तर देऊ नयेत. ते संशोधनाचे साधन आहे आणि एका माणसाच्या एका वाचनावरून निदान होत नाही. त्याच गोष्टीची सावली घरातल्या ओसरीवर, टेप आणि मोबाइलच्या घड्याळाने पुरेशी दिसते.

जागा, वेळ आणि सोबत

घरातील किंवा अंगणातील 8 मीटर सरळ, सपाट, कोरडी जागा निवडावी. दोन्ही टोकांचे एकेक मीटर सोडून मधले 6 मीटर खडूने आखावे. सुरुवातीला चाल वेग घेते आणि शेवटी मंदावते, म्हणून ती दोन टोके मोजायची नाहीत. 4 मीटरही चालतात, परंतु बटण दाबण्यात पाव सेकंदाची चूक झाली तरी इतक्या कमी अंतरात ती मोठी दिसते. शेणाने सारवलेले अंगण ओले असेल तर त्या दिवशी मोजणी करू नये. गच्ची तर नकोच.

वेळ सकाळची असावी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 43-45 अंशांवर जातो, तेव्हा नऊनंतर केलेली मोजणी मेंदूविषयी कमी आणि उन्हाविषयी जास्त सांगेल. रात्री झोप झालेली नसेल, ताप असेल किंवा नुकतेच औषध बदलले असेल तर आठवडाभर थांबावे. चष्मा, श्रवणयंत्र आणि काठी नेहमीप्रमाणे असू द्यावी. धोतर किंवा नऊवारीचा घोळ पायात येत नाही ना, आणि चप्पल टाचेला सुटी नाही ना, हे आधी पाहावे.

एका माणसाने वेळ घ्यावी आणि दुसऱ्याने सोबत चालावे. सोबत चालणाऱ्याने काठीच्या विरुद्ध बाजूला, अर्धे पाऊल मागे राहावे. तो पुढे राहिला की म्हातारा माणूस त्याच्या तालावर चालतो आणि अगदी शेजारी राहिला की गप्पा सुरू होतात. ज्यांना आधाराशिवाय उभे राहता येत नाही, ज्यांचे अलीकडे हाड मोडले आहे, ज्यांना उठताच चक्कर येते किंवा ज्यांचा स्मृतिभ्रंश इतका पुढे गेला आहे की सूचनांनी ते बावरतात, त्यांची ही मोजणी घरी करू नये.

तीन मोजण्या, आणि तिसरी सोडू नका

पहिली मोजणी नुसत्या चालीची. ‘‘रोज चालता तसेच चाला,’’ एवढेच सांगावे. दोनदा चालवून दोन्ही वेळांची सरासरी घ्यावी.

दुसरी मोजणी बसून करायच्या कामाची. खुर्चीवर निवांत बसवून एक डोक्याचे काम द्यावे आणि दहा सेकंदांत किती बरोबर उत्तरे आली ते लिहावे. घाईत लोक हीच मोजणी गाळतात आणि मग पुढचा सगळा हिशेब लंगडा होतो, कारण चालताना माणसाने पावले सांभाळली की उत्तरे, हे बसून दिलेल्या उत्तरांशी तुलना केल्याशिवाय कळत नाही.

तिसरी मोजणी दोन्हींची मिळून. चाल आणि काम एकाच वेळी सुरू करावे. ‘चालीकडे लक्ष द्या’ किंवा ‘उत्तरे नीट द्या’ यांपैकी काहीही सांगू नये. माणूस आपणहून कशाला झुकते माप देतो तेच तर पाहायचे असते. हीसुद्धा दोनदा घ्यावी आणि मध्ये पाच मिनिटे बसू द्यावे.

काम कोणते द्यावे

येथे मी स्वतः चूक केलेली आहे. भुसावळकडच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांना मी चालताना स्टेशनांची नावे म्हणायला सांगितली. भुसावळ, भादली, जळगाव, शिरसोली, म्हसावद, माहेजी अशी नावे त्यांच्या तोंडून गाडीसारखी धडधडत गेली आणि चाल तसूभरही मंदावली नाही. मी निश्चिंत झालो. दोन आठवड्यांनी त्यांच्या सुनेने स्वयंपाकघरात जाता जाता ‘‘नाना, किराण्यात काय काय आणायचे राहिले?’’ असे विचारले आणि नाना उंबरठ्याशी चौकट धरून उभे राहिले. मला माझी चूक तेव्हा कळली. तोंडपाठ असलेली गोष्ट हा मेंदूवरचा भार नसतो. ती चालीसारखीच आपसूक झालेली असते. म्हणून हरिपाठ, आरती, पाढे किंवा बाराखडी हे काम म्हणून देऊ नये.

संशोधनात सहसा तीन कामे वापरतात: शंभरातून सात-सात वजा करत जाणे, एक-एक उलट मोजणे आणि प्राण्यांची नावे घेणे. सातची वजाबाकी शाळा शिकलेल्यालाही जड जाते, तर ज्यांनी शाळा पाहिली नाही त्यांना ती केवळ अपमानास्पद वाटते. आपल्याकडे दोन कामे चांगली चालतात. आकड्यांशी सराव असलेल्यांना 50 पासून उलट मोजायला सांगावे, चालताना तेच 70 पासून. इतरांना बसल्यावर किराणा दुकानात मिळणाऱ्या वस्तू आणि चालताना भाजीबाजारात मिळणाऱ्या वस्तू सांगायला लावाव्या. विषय बदलायचा तो अशासाठी की पहिल्या खेपेची उत्तरे दुसऱ्या खेपेला उसनी येऊ नयेत. महिने फाल्गुनापासून चैत्राकडे उलट म्हणणे हेही एक चांगले काम आहे, फक्त ते एकदाच वापरता येते.

भाषेचे भान मात्र हवे. ज्यांचे घरातले बोलणे अहिराणी, लेवा गणबोली किंवा भिली आहे त्यांना प्रमाण मराठीत प्रश्न विचारला की उत्तर देण्याआधी मनात भाषांतर होते आणि मग मोजणीत तिसरेच काम घुसते. प्रश्न घरच्या बोलीत विचारावा आणि उत्तर कोणत्याही बोलीत आले तरी बरोबर धरावे.

हिशेब

एक उदाहरण घेऊ. 6 मीटरला नुसते चालताना साडेसात सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला 0.8 मीटर झाला. उलट मोजत चालताना 10 सेकंद लागले, म्हणजे वेग 0.6 मीटर झाला. फरक 0.2 मीटरचा. त्याला मूळच्या 0.8 ने भागून शंभराने गुणले की 25 टक्के येतात. या आकड्याला दुहेरी कामाची किंमत म्हणता येईल. हिशेब वेगावर करायचा आहे, वेळेवर नाही. थेट सेकंद घेतले तर याच उदाहरणात 33 टक्के येतील आणि विनाकारण घाबरायला होईल.

उत्तरांचा हिशेबही याच रीतीने करावा. बसून दहा सेकंदांत आठ आणि चालताना तेवढ्याच दहा सेकंदांत पाच उत्तरे आली, तर घट 37 ते 38 टक्क्यांची आहे. वेग अजिबात न घटता उत्तरे निम्मी झाली, तर आनंद मानण्यासारखे काही नाही. त्या माणसाने बोलण्याच्या बदल्यात पाय वाचवले आहेत. तो शहाणपणा आहे, पण राखीव ताकद कमी असल्याची तीही खूणच आहे. याच्या उलट, जो उत्तरांच्या नादात पावले विसरतो तो रस्त्यावर जास्त धोक्यात असतो.

किती टक्क्यांना चिंता करावी? कॅनडातील मॅन्युएल मोंतेरो-ओदासो यांच्या गटाने 2017 मध्ये एमसीआय असलेल्या 112 जणांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सहा वर्षांपर्यंतच्या पाठपुराव्यात 27 जणांना स्मृतिभ्रंश झाला. दुहेरी कामात ज्यांचा वेग 20 टक्क्यांहून अधिक घटत होता त्यांच्यात हे प्रमाण स्पष्टपणे जास्त होते, तर नुसत्या चालीच्या मंद वेगाने तसे भाकीत करता आले नाही. ही मोजणी त्यांनी संवेदक बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक चटईवर केली होती. आपली खडूची रेघ तेवढी काटेकोर नसते. त्यामुळे घरच्या मोजणीत दोन वेगळ्या दिवशी 20 टक्क्यांच्या वर घट आली तर तो डॉक्टरांकडे जाण्याचा निरोप समजावा, निदान समजू नये. निरोगी म्हातारी माणसेही बोलताना थोडी मंदावतात आणि तसे मंदावणे चांगलेच असते.

आकड्यांच्या शेजारी जे दिसले तेही लिहावे. माझा भरवसा आकड्यांपेक्षा या नोंदींवर जास्त आहे. पाऊल पूर्ण थांबले का, भिंतीला हात गेला का, पाय फरफटला का, चाल एका बाजूला कलली का, दोन पावलांमधले अंतर मागेपुढे होऊ लागले का, वळताना दोनऐवजी पाच-सहा छोटी पावले घेतली का, आणि ‘मी काय सांगत होतो?’ असे विचारावे लागले का. गल्लीतल्या आदबीचा घोळ टाळण्यासाठी घरात, जेथे थांबण्याची रीत नाही तेथे, चार दिवस सहज लक्ष ठेवावे. न्हाणीघराकडे जाताना नातवाने काही विचारले तर पाय थांबतात का, हे आखलेल्या 6 मीटरइतकेच महत्त्वाचे आहे.

मेंदूला दोष देण्याआधी

चाल मंदावण्याची आणि विसरण्याची काही कारणे बरी होण्यासारखी असतात. ती आधी शोधली पाहिजेत. पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब घ्यावा, मग उभे केल्यावर एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्यावा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर चक्कर आणि पडणे यांचे कारण तेथेच असू शकते. उन्हाळ्यात पाणी कमी पिणाऱ्या आणि लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसांत हे मला वारंवार दिसते. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता पायांची जाण आणि स्मृती दोन्ही बिघडवते. ती दूध-दही बेताचे खाणाऱ्या शाकाहारी घरांत आणि मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत पाहावीच. थायरॉईड, मोतीबिंदू, कमी ऐकू येणे, गुडघ्याची झीज, मधुमेहाने बधिर झालेले तळवे आणि उदासीनता हीही यादीत हवीत. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओताव्यात. झोपेच्या गोळ्या आणि सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्या चाल व विचार दोन्ही सुस्त करतात. मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

एक त्रिकूट वेगळे सांगतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा सुटणे आणि विसरणे ही तिन्ही एकत्र आली तर मेंदूतील पोकळ्यांत पाणी साठल्याची शक्यता असते. स्कॅनवरून ते कळते आणि काही रुग्णांत शस्त्रक्रियेने नळी बसवून चाल सुधारते. ‘वयच झाले’ म्हणून हे घरात दाबून ठेवले जाते याचे वाईट वाटते.

आणि चाल जर एका दिवसात, एका तासात बिघडली असेल, तोंड वाकडे झाले असेल, हात गळला असेल किंवा बोलणे अडखळले असेल, तर मोजणीच्या फंदात पडूच नये. 108 ला फोन करावा. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध पक्षाघात सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील मेडिसिन विभागापासून सुरुवात करता येते आणि गरज पडल्यास मेंदूविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी मिळते. ज्येष्ठांसाठीची 14567 ही राष्ट्रीय हेल्पलाइन कोणत्या सोयी कुठे आहेत हे सांगू शकते.

दिवसाची मांडणी: एका वेळी एक

मोजणीत घट दिसली की घरातले बहुधा दोन टोकांना जातात. एक तर ‘आता फिरू नका, बसून राहा’ असे सांगतात. हा सर्वांत वाईट सल्ला आहे, कारण बसून राहिल्याने पाय झिजतात आणि मेंदूची राखीव ताकदही उतरते. नाहीतर काहीच बदलत नाहीत. खरे काम या दोन टोकांच्या मध्ये आहे. चालणे ठेवायचे आणि चालताना अंगावर येणारे दुसरे काम काढून घ्यायचे.

सुरुवात घरच्यांनी स्वतःपासून करावी, कारण म्हाताऱ्या माणसाच्या चालण्यात दुसरे काम घुसवणारे आपणच असतो. मागून हाक मारू नये. समोर जाऊन, डोळ्याला डोळा भिडला की बोलावे. प्रश्न विचारायचा असेल तर आधी ‘बसा’ म्हणावे किंवा ते पोचेपर्यंत थांबावे. जिना, उंबरठा, न्हाणीघराची ओली फरशी आणि ओट्याच्या पायऱ्या येथे कोणी बोलायचेच नाही, असा नियम घरातल्या पोरांना आठवड्यात लावता येतो. उलट म्हाताऱ्या माणसाला एकच सवय लावायची: उत्तर द्यायचे असेल तर आधी थांबा, काही धरा आणि मग बोला. गल्लीतली आदब येथे उपयोगी पडते, थांबून बोलण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

हात मोकळे ठेवणे ही दुसरी गोष्ट. पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या, गरम चहाचा कप, दुधाची किटली ही प्रत्येक वस्तू मेंदूला ‘सांडू नको’ असे वेगळे काम देते. अर्धा भरलेला, झाकणाचा डबा द्यावा किंवा खांद्याला पिशवी अडकवावी. मोबाइल वाजला तर तो बसल्यावरच घ्यायचा. तो लगेच उचलला गेला नाही तर थोड्या वेळाने पुन्हा करावा, एवढे नातेवाइकांना सांगून ठेवावे.

रात्रीच्या लघवीचा रस्ता मला दिवसाच्या सगळ्या रस्त्यांपेक्षा धोक्याचा वाटतो. अंधार, अर्धवट झोप, घाई आणि उठताच उतरणारा रक्तदाब ही चार कामे तेथे एकदम येतात. खाटेपासून न्हाणीपर्यंत माणूस हलला की आपोआप लागणारा दिवा बसवावा, वीज जाते तेथे चार्जिंगचा घ्यावा. वाटेतील पायपुसणे, सुतळी, खाटेची लोंबती दोरी आणि मुलांची खेळणी उचलावीत. उठल्यावर खाटेच्या कडेला मिनिटभर बसून मगच उभे राहावे.

आठवडेबाजाराला एकट्याने जाणे बंद करायचे नाही, फक्त गर्दीच्या आधीची वेळ गाठायची आणि यादी कागदावर लिहून द्यायची, म्हणजे चालताना आठवण्याचे ओझे राहत नाही. महामार्ग ओलांडणे मात्र वेगळे प्रकरण आहे. धुळे आणि जळगावातून जाणाऱ्या सुरत-नागपूर रस्त्यावर गाडीचा वेग जोखणे, दोन्हीकडे पाहणे आणि पाऊल उचलणे ही तीन कामे काही सेकंदांत करावी लागतात. ज्यांची घट मोठी आहे त्यांनी तेथे कोणाचा तरी हात धरूनच जावे, आणि हे घरच्यांनी आधी प्रेमाने, इतरांसमोर नव्हे, सांगावे.

सराव: आधी पाय, मग मेंदू, मग दोन्ही

दुहेरी कामाचा सराव करता येतो, पण क्रम चुकला तर तो सराव पडण्याचा होतो. पहिले चार आठवडे फक्त ताकद आणि तोल सुधारण्यासाठी द्यावेत. हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे दहा वेळा, ओट्याची कड धरून टाचा उचलणे, आधार धरून एका पायावर उभे राहणे. हे आठवड्यातून तीन दिवस आणि रोज सकाळी सावकाश चालणे. जागतिक आरोग्य संघटनाही वृद्धांना तोल व ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करण्याचा सल्ला देते.

पुढचे चार आठवडे सपाट जागी, सोबतीसह, चालताना एक हलके काम जोडावे. आधी हाताचे काम: रिकामे ताट नेणे, मग त्यात लिंबू ठेवून नेणे. ते जमले की बोलण्याचे काम: आज काय जेवलो, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) कोण कोण येणार, शेतात काय लावले आहे. चाल तुटली की काम सोडून द्यावे, हसून पुन्हा सुरू करावे. परीक्षा घेतल्याचा सूर लागला की म्हातारी माणसे बरोबर दुसऱ्या दिवशी गुडघा दुखल्याचे सांगतात.

त्यानंतर एक बारकावा आहे. एका फेरीत ‘पावलांवर लक्ष ठेवा’ आणि पुढच्या फेरीत ‘उत्तरांवर लक्ष ठेवा’ असे आलटून पालटून सांगितले, तर लक्ष एका कामाकडून दुसऱ्याकडे वळवण्याचा सराव होतो. तोल कमी असलेल्या वृद्धांवरील 2009 च्या एका चाचणीत ही आलटून-पालटून पद्धत ‘दोन्हीकडे सारखे लक्ष द्या’ या सूचनेपेक्षा सरस ठरली. एकाच बैठकीत तीच दुहेरी चाल पुन्हा पुन्हा केली की वृद्धांच्या कपाळामागील मेंदूचा राबता कमी होत जातो, असेही एफनिर्सवर दिसले आहे. म्हणजे सरावाने तेच काम स्वस्तात होते.

अपेक्षा मात्र माफक ठेवावी. कॅनडातील 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एमसीआय असलेल्या 175 जणांपैकी ज्यांनी 20 आठवडे व्यायामाला संगणकावरील मेंदूच्या सरावाची जोड दिली त्यांची आकलनाची गुणसंख्या सुधारली. त्याच चाचणीत ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने आकलनात काही फरक पडला नाही. व्यायामाने स्मृतिभ्रंश बरा होतो असे कोणी म्हटले तर मानू नये. पडणे टळणे आणि स्वतःच्या पायांनी न्हाणीपर्यंत जाता येणे, हाच या सरावाचा हेतू ठेवावा. स्मृतिभ्रंश मध्यम टप्प्यापुढे गेलेला असेल तर दुहेरी सराव करूच नये. तेथे हात धरून, न बोलता चालणेच योग्य.

वही

शाळेची एक साधी वही करावी. तारीख, नुसत्या चालीचे सेकंद, कामासह चालीचे सेकंद, बसून व चालताना आलेली उत्तरे, दिलेले काम, त्या दिवशीचा रक्तदाब आणि एका ओळीत जे दिसले ते. मोजणी तीन महिन्यांनी एकदाच करावी, दर आठवड्याला केली तर काम पाठ होते आणि आकडे खोटे सुधारतात. मध्ये कधी तोल गेला किंवा पडणे झाले तर त्याच दिवशी लिहावे: कोठे, किती वाजता, हातात काय होते आणि त्या क्षणी कोण काय बोलत होते. डॉक्टरांसमोर ‘हल्ली चाल बिघडली आहे’ असे सांगण्याऐवजी ही वही उघडून ठेवावी आणि शेवटचा प्रश्न आवर्जून वाचून दाखवावा, कारण त्या क्षणी कोण काय बोलत होते हे डॉक्टर सहसा विचारत नाहीत.